बदामी-ऐहोळे-पट्टदकलला हंपीच्या वाटेवरचा थांबा करू नका

पायवाट

नमस्कार मंडळी. थंडी जवळ आली की हंपीच्या सहलींचे प्लॅन सुरू होतात आणि दरवेळी तेच वाचायला मिळतं. पहाटे सोलापूर सोडा, विजापूरला गोलघुमट उरका, रात्री बदामी, दुसऱ्या दिवशी लेणी, पट्टदकल, ऐहोळे सगळं "करून" संध्याकाळपर्यंत होस्पेट. असा प्लॅन दिसला की मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज बसून सविस्तर लिहितेय. हंपीबद्दल काहीच म्हणणं नाही, हंपी हंपीच आहे, पण चालुक्यांचा हा मुलूख स्वतंत्र सुट्टी देण्याच्या लायकीचा आहे आणि आपण मराठी लोक तर त्याच्या एवढे जवळ राहतो.

आम्ही सगळे मिळून गेलो होतो, आई-बाबा, मी, नवरा आणि आमचा सहावीतला मुलगा. मुक्काम सगळे बदामीतच ठेवले, रोज बॅगा भरायची कटकट नको म्हणून. बदामीहून पट्टदकल साधारण 22 किमी, तिथून पुढे ऐहोळे 13-14, म्हणजे कुठेही धावपळ नाही.

आधी बदामी. लाल वालुकाश्माचे दोन कडे, मध्ये अगस्त्य तलाव, आणि दक्षिणेच्या कड्यात चार लेणी. वातापी आणि इल्वलाची गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते ना, अगस्तींनी पोटावरून हात फिरवून वातापीला पचवून टाकलं ती, तीच ही वातापी. पहिला पुलकेशी इथे राजधानी घेऊन आला त्याचा कड्यावरचा लेख शके 465 चा आहे, म्हणजे इ.स. 543. पहिल्या लेण्यात शिरायच्या आधीच उजवीकडे अठरा हातांचा नटराज आहे. लोक तिथे सेल्फी काढतात आणि पुढे जातात. प्लीज असं करू नका. थोडं लांब उभं राहून नुसते हात बघा, पंख्यासारखे उघडत गेलेत, एकही हात दुसऱ्यात अडकत नाही, शेजारी गणपती उभा आहे, एक वादक वाद्य वाजवतोय, मागे नंदी. गाईड लोक सांगतात की हातांच्या वेगवेगळ्या जोड्या लावल्या तर 81 नृत्यमुद्रा होतात. आकडा बाजूला ठेवा, पण माझी आई भरतनाट्यम शिकलेली आहे, ती तिथे जी उभी राहिली ती हलेचना.

आणि समोरच्या बाजूला त्रिशूळधारी द्वारपाल आहे, त्याच्या पायाशी बघायला विसरू नका. एकच डोकं आणि दोन प्राणी. एका बाजूने हत्ती दिसतो, दुसऱ्या बाजूने बैल. हत्तीची सोंड ती बैलाचं वशिंड वगैरे असं हाताने झाकून झाकून बघायचं. आमच्या चिरंजीवांना "लेणी बोअर असतात" असं ठाम वाटत होतं, त्यानंतर प्रत्येक खांबावर तोच पुढे पळत होता, "आई इथे पण काहीतरी लपलंय" म्हणत.

तिसरं लेणं सगळ्यात मोठं, विष्णूचं. शेषावर ऐसपैस बसलेला विष्णू, त्रिविक्रम, नरसिंह, वराह, हरिहर, एकेक मूर्ती माणसापेक्षा उंच. त्यातला मंगलेशाचा लेख शके 500 च्या कार्तिकी पौर्णिमेचा आहे (इ.स. 578), थोरला भाऊ कीर्तिवर्मा राज्य करत असताना हे विष्णूचं घर पूर्ण केलं असं त्यात आहे. खांबांच्या वर तुळयांना टेकलेली जोडपी कोरलीत ती मान वर करून नक्की बघा, कुणी लाजतंय, कुणी झाडाखाली टेकून उभं आहे, कुणाला चढलीये आणि दुसरी सावरतेय. छताजवळ चित्रांचे पुसट रंगही शिल्लक आहेत. चौथं लेणं जैन, छोटं आणि शांत, पार्श्वनाथ आणि बाहुबली समोरासमोर.

पट्टदकल आणि ऐहोळेबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, मुलाला क्लासला सोडायचंय.

अबोली

वा, मस्त लिहिलंयस पायवाट! बैल-हत्तीचं शिल्प आम्ही चक्क पाहिलंच नाही, आता परत जाणं आलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सोलापुरी

एक नंबर धागा. आमच्या घरापासून विजापूर शंभर किमी पण नाही, गोलघुमटला शाळेची सहल सगळ्यांची होते, आणि बदामीला मात्र कोणी जात नाही हे अगदी खरं आहे. ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांच्यासाठी सांगतो, सोलापूर-विजापूर-बागलकोट-बदामी-गदग असा सरळ रेल्वेमार्ग आहे. बदामी स्टेशन गावापासून पाचेक किमी लांब आहे, बाहेर रिक्षा, टमटम मिळतात. बदामीहून पट्टदकल-ऐहोळेला बसेस आहेत पण त्यांच्या वेळेवर आपली मंदिरं बघायची म्हणजे अर्धा जीव घड्याळात, त्यापेक्षा दिवसभरासाठी रिक्षा किंवा गाडी ठरवा आणि कुठे कुठे थांबायचं ते आधीच स्पष्ट बोलून घ्या.

पायवाट

थँक्यू अबोली, सोलापुरी.

तर पट्टदकल. हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचाय कारण इथली गोष्ट कळली की दगड बोलायला लागतात.

इ.स. 642 मध्ये पल्लव राजा नरसिंहवर्मा बदामीवर चालून आला. ज्या दुसऱ्या पुलकेशीने नर्मदेवर उत्तरेच्या हर्षवर्धनाला अडवलं त्याचा शेवट याच लढाईत झाला असं मानतात. बदामीत तलावाच्या पलीकडच्या दगडावर नरसिंहवर्म्याचा लेख आजही आहे, म्हणजे शत्रूने येऊन आपल्या राजधानीत सही केली म्हणा ना. राजधानी तेरा-चौदा वर्षं हातातून गेली होती. मग साधारण शंभर वर्षांनी त्याच घराण्यातला दुसरा विक्रमादित्य सैन्य घेऊन पल्लवांच्या कांचीत शिरला. आता सूड म्हणून काय केलं असतं कुणीही? त्याने कांची लुटली नाही. तिथल्या कैलासनाथ मंदिरातली संपत्ती पाहिली आणि ती देवाला परत केली, आणि तसं कन्नडमध्ये त्या मंदिरातच कोरून ठेवलं. तो लेख अजून कांचीत आहे.

त्या विजयाची आठवण म्हणून त्याच्या राणीने, लोकमहादेवीने, पट्टदकलला मंदिर बांधलं, तेच आजचं विरूपाक्ष. तिच्या बहिणीने, ती पण त्याचीच राणी, त्रैलोक्यमहादेवी, तिने शेजारी मल्लिकार्जुन बांधलं. दोन्ही मंदिरांवर कांचीची छाया स्पष्ट आहे. आणि पुढे राष्ट्रकूटांनी चालुक्यांना हरवलं, आणि कृष्ण पहिला याच्या काळात वेरूळचं कैलास कोरलं गेलं, ते कशावरून, तर या विरूपाक्षावरून. कांची, पट्टदकल, वेरूळ! जिंकणाऱ्याने हरलेल्याचं मंदिर पाडलं नाही, ते डोळे भरून पाहिलं आणि घरी येऊन त्याहून मोठं बांधलं, आणि हे लागोपाठ दोनदा झालं. वेरूळ पाहिलेला माणूस विरूपाक्षच्या आवारात शिरला की त्याला आपोआप ओळख पटते, समोर नंदीमंडप, मागे सभामंडप, वर तसंच पायऱ्या-पायऱ्यांचं द्राविडी शिखर.

अजून एक गोष्ट जी मला फार भावली. विरूपाक्षच्या पूर्व दरवाजावरच्या लेखात मंदिर उभारणाऱ्या सूत्रधाराचं नाव आहे, गुंड अनिवारिताचारी, आणि त्याला "त्रिभुवनाचारी" हा किताब दिल्याचं लिहिलंय. तेराशे वर्षांपूर्वी कारागिराचं नाव दरवाजात कोरलं गेलं. बाबा सिव्हिल इंजिनिअर होते, आयुष्यभर साइटवर गेलं त्यांचं, ते त्या लेखाला हात जोडून आले.

विरूपाक्षमध्ये अजून पूजा चालते. मंदिर पूर्वाभिमुख आहे म्हणून सकाळी लवकर जा, ऊन आत येतं आणि मंडपातल्या खांबांवरचे रामायण-महाभारताचे पट्टे नीट दिसतात. त्याच आवारात नागर शिखरांची मंदिरंही आहेत, गळगनाथ, काशीविश्वनाथ, जंबुलिंग. उत्तरेची आणि दक्षिणेची पद्धत शेजारी शेजारी उभी अशी जागा मी दुसरी पाहिलेली नाही. 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे. थोडं बाजूला पापनाथ मंदिर आहे, बरेच जण तिथपर्यंत जातच नाहीत, तुम्ही जा, बाहेरच्या भिंतीवर रामायण आहे.

निवांत

पायवाट ताई, वाचनखूण साठवली. आमचं वय 70 आणि 66, हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. हिची फार इच्छा आहे कारण बदामीजवळची बनशंकरी आमची कुलस्वामिनी, पण लेण्यांच्या पायऱ्यांची भीती वाटते. जमेल का? आणि जेवणाचं काय, आम्ही शाकाहारी.

पायवाट

निवांत काका, बिनधास्त जा, फक्त क्रम बदला. पट्टदकल जवळजवळ सगळं सपाट आहे, हिरवळ आणि पायवाटा, काकूंना काहीच त्रास नाही. ऐहोळेचं दुर्ग मंदिर आणि लाडखान मंदिर एकाच सपाट आवारात आहेत. बदामीत भूतनाथ मंदिर तलावाच्या काठाने चालत जाता येतं. लेण्यांच्या पायऱ्या मात्र उंच आहेत हे खरं, पण पहिलं लेणं सगळ्यात खाली आहे, तेवढंच सावकाश चढून बघितलं तरी नटराज, हरिहर, अर्धनारीश्वर सगळं तिथेच आहे. पहाटेचा गारवा असताना जा. माझ्या आईने पण पहिल्याच लेण्यापाशी जास्त वेळ घालवला आणि तिला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

एक नक्की करा, जाड मोजे बरोबर ठेवा. विरूपाक्ष, बदामीजवळचं महाकूट, बनशंकरी इथे चप्पल काढावी लागते आणि दुपारी दगड चटके देतो.

शेंगाचटणी

जेवणाचं मी सांगते, माझं माहेर बागलकोट 😊

काका, बनशंकरीला देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्याकडेच जेवा. कडक ज्वारीची भाकरी, आमच्याकडे रोट्टी म्हणतात, मोडाच्या कडधान्याची उसळ, भरलं वांगं, शेंगाचटणी, कच्चा कांदा आणि मडक्यातलं घट्ट दही. झाडाखाली बसून जेवायचं, वाढणारी बाई आग्रह करकरून वाढते, मराठी पण बऱ्यापैकी कळतं त्यांना. हॉटेलातली पंजाबी भाजी खायला एवढ्या लांब जाऊ नका हो कुणी.

आणि बनशंकरीची जत्रा पौषात, शाकंभरी पौर्णिमेला रथ. बघण्यासारखी जत्रा असते, पण त्या दिवसांत बदामीत राहायला खोली मिळणं महाकठीण, लेणी बघायची असतील तर ते दिवस टाळा. कुलदेवीलाच जायचं असेल तर मात्र जत्रेतच जा, हरिद्रातीर्थाच्या भोवतीची गर्दी, नाटक कंपन्यांचे तंबू, ते वेगळंच वातावरण आहे.

निवांत

शतशः धन्यवाद दोघींनाही. हिला वाचून दाखवलं, तिने आत्ताच मोजे काढून ठेवलेत.

कातळ

छान चाललाय धागा. ऐहोळेबद्दल थोडी भर घालतो. तिथे शंभरावर मंदिरं विखुरलेली आहेत आणि बहुतेक लोक तिकीटवालं दुर्ग मंदिराचं आवार बघून परत फिरतात. पण महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाने मेगुटीच्या टेकडीवर चढलंच पाहिजे. वर एक साधंसं, अर्धवट राहिलेलं जैन मंदिर आहे आणि त्याच्या भिंतीत रविकीर्तीचा शिलालेख, शके 556, म्हणजे इ.स. 634-35. दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती आहे ती. हर्षाचा हर्ष कसा गळाला ते त्यात आहे, कालिदास आणि भारवीचं नाव त्यात आहे, त्यामुळे कालिदासाच्या काळाची चर्चा निघाली की हा लेख पुढे येतोच. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे 99 हजार गावं असलेल्या तीन महाराष्ट्रकांचा तो अधिपती झाला असं स्पष्ट लिहिलंय. आपल्या प्रदेशाचं नाव दगडावर एवढ्या जुन्या तारखेसकट वाचायला मिळतं, त्यासमोर उभं राहिल्यावर माझ्या अंगावर काटा आला होता.

ऐहोळे हे व्यापाऱ्यांचंही मोठं ठाणं. "ऐहोळेचे पाचशे स्वामी" ही व्यापाऱ्यांची श्रेणी पुढे कित्येक शतकं दक्षिणेत सगळीकडे दिसते, नुसतं राजांचं गाव समजू नका.

एक मुद्दा मात्र. बरेच गाईड "ऐहोळे म्हणजे प्रयोगशाळा, तिथे शिकले, मग बदामी, मग पट्टदकलला पास झाले" असं सांगतात. ते इतकं सरळ नाही. लाडखान मंदिर पूर्वी पाचव्या शतकातलं मानायचे, आता बरेच अभ्यासक ते सातव्या-आठव्या शतकात ओढतात. बदामीची लेणी आणि ऐहोळेचं रावणफडी लेणं सहाव्या शतकातलं. म्हणजे तिन्ही गावांत कामं समांतर चालू होती.

पायवाट

कातळ, फार मोलाची भर. मी पण बघायचा क्रम ऐहोळे, बदामी, पट्टदकल असाच सुचवेन पण तो तारखांचा क्रम म्हणून नाही, डोळ्यांना सवय व्हावी म्हणून. ऐहोळेला प्रत्येक मंदिर वेगळं. लाडखानचं छप्पर बघा, उतरत्या दगडी फळ्या आणि त्यांच्या सांध्यांवर ओंडक्यासारख्या लांब दगडी पट्ट्या, लाकडी घर बांधणाऱ्या हातांनी दगड उचललाय हे दिसतंच. वर जायचा जिनासुद्धा लाकडाला खाचा पाडाव्यात तसा एका अखंड दगडाचा. आणि दुर्ग मंदिर मागून अर्धगोल, बाहेरून फिरायला व्हरांडा, त्या व्हरांड्यातल्या कोनाड्यांत महिषासुरमर्दिनी, वराह, नरसिंह, नंदीला टेकून उभा शिव. हे सगळं निवांत पाहून मग विरूपाक्षला गेलं की तिथली सफाई कळते.

अबोली

रावणफडीत तो दहा हातांचा नाचणारा शिव आणि भोवती सप्तमातृका आहेत ना, ते पण लिहा कोणीतरी! उंच उंच मुकुट, बारीक चुण्यांची वस्त्रं, सगळ्या जणी जणू त्याच्या तालावर उभ्या आहेत. आतमध्ये आम्ही चारच माणसं होतो आणि अर्धा तास कोणी बोललं नाही.

कातळ

हो, ते राहिलंच. आणि मुंबईकरांसाठी: ऐहोळेच्या हुच्चप्पय्या मंदिरातल्या छताच्या ब्रह्मा, विष्णू, शिव या शिळा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. जाण्याआधी एका रविवारी मुलांना घेऊन त्या बघून या. मग मूळ जागी गेल्यावर छताकडे आपोआप नजर जाते, नाहीतर आपण सगळे समोरच बघत चालतो.

चैत्रपालवी

आमचा जानेवारीचा प्लॅन पक्का झाला हा धागा वाचून. दोन प्रश्न. विजापूर वगळावं का मग? आणि मुलं 8 आणि 11 वर्षांची, माकडांचं फार ऐकलंय, खरंच त्रास आहे का?

सोलापुरी

विजापूर अजिबात वगळू नका, फक्त त्याला पण पूर्ण दिवस द्या. गोलघुमट सकाळी उघडताच गाठा. घुमटाचा बाहेरचा व्यास साधारण 44 मीटर आणि आत एकही खांब नाही, एकमेकांत गुंतलेल्या कमानींवर सगळा भार. 1656 चं बांधकाम. वरच्या सज्ज्यात एका टोकाला कागद फाडला तरी समोरच्या टोकाला ऐकू येतो, पण शाळांच्या सहली आल्या की फक्त किंचाळ्याच ऐकू येतात, म्हणून लवकर जा. मुलांनाही तिथे शांत राहायला आधीच सांगून ठेवा, मजा शांततेतच आहे. जिने अरुंद आहेत, जड बॅगा नकोत.

मग इब्राहिम रोजा, माझ्या मते विजापुरातली सगळ्यात देखणी इमारत, नाजूक मिनार, भिंतभर कोरलेली अक्षरं. आणि मुलांना मुलुख-ए-मैदान तोफ दाखवाच. 1549 साली आपल्या अहमदनगरला ओतलेली, वजन 55 टनांच्या आसपास, तोंडाशी सिंहाच्या जबड्यात हत्ती. निजामशाहीची तोफ, परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून विजापूरकरांनी नेली. आमच्या भागातून बैल-हत्ती लावून ती कशी ओढत नेली असेल याचा विचार मी प्रत्येक वेळी करतो.

शेंगाचटणी

माकडं आहेत, आणि भरपूर आहेत, लेण्यांच्या पायऱ्यांवर जास्त. मुलांच्या हातात बिस्किटं, वेफर्स, रंगीत बाटली काही नको. प्लास्टिकची पिशवी दिसली की ती खाऊचीच असं ती समजतात. खायचं सगळं गाडीत ठेवा, पाण्याची बाटली सॅकच्या आत. डोळ्यात बघून दात दाखवायचे नाहीत हे मुलांना सांगा. एवढं पाळलं तर ती आपल्या वाटेला जात नाहीत.

विजापूरहून येताना वाटेत कूडलसंगम पण करा. कृष्णा-मलप्रभेचा संगम, बसवण्णांची ऐक्यजागा, पाण्याच्या पातळीखाली विहिरीसारखी उतरत जाणारी समाधी आहे. आमच्या घरचं कुणी तिथे डोकं टेकवल्याशिवाय पुढे जात नाही.

पायवाट

चैत्रपालवी, अजून दोन व्यवहाराच्या गोष्टी. पुरातत्त्व खात्याची म्युझियम शुक्रवारी बंद असतात, बदामीचं आणि ऐहोळेचं दोन्ही, त्यामुळे शुक्रवार पट्टदकल-महाकूटला ठेवा. बदामीच्या म्युझियममधली लज्जागौरी चुकवू नका, चेहऱ्याच्या जागी कमळ असलेली ती मूर्ती बघून आई बराच वेळ गप्प होती. तिकिटं आम्ही गेलो तेव्हा पट्टदकलला माणशी 40 रुपये आणि बदामी लेणी, दुर्ग मंदिर, गोलघुमटला 25 होती, 15 वर्षांखालच्यांना तिकीट नाही, म्हणजे तुमच्या दोघांचं फुकटच.

महाकूटला मुलांना एक जादा कपड्यांचा जोड घेऊन जा. झऱ्याचं कुंड आहे, गावातली पोरं उड्या मारत असतात, कुंडातच छोट्याशा मंडपात मुखलिंग (चेहरे कोरलेलं शिवलिंग) आहे, तिथे पाण्यात पाय सोडून बसायला फार छान वाटतं. तिथला मंगलेशाचा लेख असलेला खांब आता विजापूरच्या म्युझियममध्ये आहे, गोलघुमटासमोरच, सोलापुरींनी सांगितलेल्या दिवसात तो बसेल.

चैत्रपालवी

भारीच. मग असं ठरवलंय, पहिला दिवस विजापूर, दुसऱ्या दिवशी कूडलसंगम आणि ऐहोळे करत बदामीत मुक्काम, मग बदामीचा पूर्ण दिवस, मग महाकूट आणि पट्टदकल, परतताना बनशंकरी. हंपी पुढच्या वर्षी. नवरा म्हणतोय शेवटचा दिवस शुक्रवार येतोय का बघ, कॅलेंडर काढून बसलोय.

सोलापुरी

बसतंय व्यवस्थित. फक्त शाकंभरी पौर्णिमा कधी आहे ते त्याच कॅलेंडरात बघून घ्या, आणि मग लगेच खोल्या बुक करा.